नाकाडी आणि गौराईचा नैवेद्य

माझं नाक गेलंय हे मला सुकटीमुळे कळलं. ताप येऊन गेला होता, अंथरुणात पडून पडून कंटाळले होते, आणि तोंडाला जरा चव यावी म्हणून मी सुकट भाजायला घेतली. सुकट भाजली की आमच्या मळवलीत पलीकडच्या आळीतल्या मांजरांनाही निरोप जातो. मी मात्र तव्यावर उलथनं फिरवत वास यायची वाट बघत उभी. मला वाटलं, सुकटच जुनी निघाली, दुकानदारानं फसवलं. त्याला काय काय सुनवायचं याची मनातल्या मनात तयारी चालली होती, तेवढ्यात अंगणाच्या पलीकडून हाक आली, "अगं ए मास्तरीन, सुकट भाजतीस का जाळतीस? पार कोळसा झाला असंल तिचा!"

तव्यात पाहिलं तर खरंच कोळसा. मी तवा उचलून नाकाशी धरला. काही नाही. नाक शिंकरून परत धरला. तरी काही नाही. उन्हातला रिकामा तवा हुंगावा तसं वाटलं.

हाक मारणारी ती अक्का, माझी मोठी जाऊ. दोघी जावांची घरं वेगळी, अंगण एक. मी लोणावळ्याच्या शाळेत शिकवायचे, आता निवृत्त आहे. अक्कांनी जन्मभर भाताची शेती केली आणि अजूनही आवणीच्या वेळी, भाताची रोपं लावताना, बांधावर उभ्या राहून सगळ्यांना पिटाळतात. मी शाळेत मुलांवर ओरडायचे, त्या शेतात गड्यांवर. घरी आल्यावर दोघींचा घसा बसलेला असायचा, म्हणून आमचं कधी मोठं भांडण झालं नाही.

डॉक्टर म्हणाले, तापानंतर असं होतं. काहींचा वास परत येतो, काहींचा येत नाही. लिंबू, लवंग असलं काहीबाही सकाळ-संध्याकाळ हुंगत राहा, वाट बघा. मी मुलांना आयुष्यभर "धीर धरा" म्हणत आले, पण स्वतःला तो धरता येत नाही. लवंगा हुंगून हुंगून कंटाळले. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू तेवढं कळायचं, बाकी सगळं कोरं. चहा म्हणजे गोड गरम पाणी. आमच्या शेतातला आंबेमोहोर आणि रेशनचा तांदूळ, दोन्ही एकच. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की आपण चव म्हणतो त्यातलं बरंचसं काम नाकाचं असतं. म्हणजे इतकी वर्षं जीभ फुकटचं श्रेय लाटत होती.

तेही मी सोसलं असतं. पण मग गॅसचं झालं.

त्या दुपारी वारा सुटला होता. मी शेगडीवर मंद आचेवर डाळ ठेवून, खिडकी उघडी टाकून, टेबलाशी गवार निवडत बसले होते. वाऱ्यानं शेगडी विझली. गॅस येत राहिला आणि मी गवारीच्या शिरा काढत राहिले. अक्का कढीपत्ता द्यायला मागच्या दारानं आल्या, उंबऱ्यातच थबकल्या, सरळ जाऊन बटण फिरवलं आणि माझ्या दंडाला धरून मला अंगणात ओढत नेलं. बाहेर आल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. अक्का बोलत नाहीत तेव्हा प्रकरण गंभीर असतं हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

संध्याकाळी मुलगा बाजारातून गॅसचा अलार्म घेऊन आला आणि भिंतीवर ठोकून मोकळा झाला. माझ्या नवऱ्याचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. त्यानं घरापुढच्या ओट्यावरची प्लॅस्टिकची खुर्ची उचलली आणि स्वयंपाकघरात आणून ठेवली. "अलार्म गॅस ओळखेल. तेल पेटायला आलं, काही करपलं, खराब झालेलं पोटात गेलं, ते कोण ओळखणार? आजपासून तू आत एकटी राहायचं नाहीस."

त्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघरात खुर्ची आली आणि खुर्चीत कोणी ना कोणी. बहुतेक वेळा नवराच, पेपर घेऊन. तो बाहेर गेला की अक्का, सुट्टीच्या दिवशी सूनबाई. मी फोडणी टाकली की पेपर खाली यायचा, तो नाक वर करून हुंगायचा आणि पेपर परत वर जायचा. मी आयुष्यभर परीक्षेत सुपरव्हिजन केलं. बाकांमधून फिरताना पोरांच्या मानेवर माझी नजर कशी पडत असेल, ते मला आता कळत होतं. आणि हा सुपरव्हायझर तर मधेच "कांदा जरा लाल होऊ दे" असं उत्तरही सांगायचा!

कोणाचं चुकत नव्हतं. म्हणूनच तर राग कोणावर काढावा ते कळत नव्हतं. मी भांडी आपटायचे. फोडणीला घातलेली मोहरी तडतडली तरी दचकायचे. वास परत यावा असं वाटतच होतं, पण त्याहून जास्त मला ती खुर्ची बाहेर गेलेली हवी होती. माझ्या घरात, माझ्या शेगडीपाशी, मला एकटीला उभं राहायचं होतं. एवढंच मागणं होतं आणि ते मागायचीसुद्धा सोय नव्हती, कारण मागितलं की सगळ्यांना ती दुपार आठवायची.

आमची सूनबाई तळेगावच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. तिथं मसाले आणि सूप बनतं. सकाळच्या लोकलनं जाते, संध्याकाळी येते, आणि आली की तिच्या ओढणीला मसाल्याचा वास असतो म्हणे. मला तो पूर्वी यायचा. एकदा जेवताना मुलगा बोलून गेला, "आई, हिच्याकडे तर वास घेणारं मशीन आहे." सूनबाईनं त्याला टेबलाखालून लाथ मारलेली मला दिसली.

"काय गं, खरं का?" मी विचारलं.

"हो आई. मुद्दामच बोलले नव्हते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाईट काय वाटायचंय? यंत्राला नाक आहे आणि सासूला नाही, लोकांना सांगायला बरं आहे!"

ती हसली नाही. मग तिनं नीट सांगितलं. त्यांच्याकडे एक इलेक्ट्रॉनिक नाक आहे आणि एक इलेक्ट्रॉनिक जीभ. नाकात बारीक बारीक सेन्सर असतात, प्रत्येकाला वेगळ्या वाफेचा त्रास होतो. एकट्यादुकट्याला काही कळत नाही, पण कोण किती चिडला ते सगळ्यांचं एकत्र पाहिलं की त्या वासाची ठेवण तयार होते. जीभ म्हणजे काड्यांचा जुडगा. तो सुपात बुडतो, बाहेर येतो, स्वच्छ पाण्यात चूळ भरतो आणि पुढच्या वाटीत जातो.

"चूळ भरतो?" मला गंमत वाटली. "आणि तिला आवडतं काय, त्या जिभेला?"

"काहीच नाही. आवड-निवड नसते हो तिला. आजचं सूप कालच्यासारखं आहे की नाही, तेवढंच सांगते."

मी म्हटलं, मग ती माझ्यापेक्षा सुखी आहे. विषय तिथंच संपला असं मला वाटलं. पण सूनबाईचा संपला नव्हता. पुढे बरेच शनिवार-रविवार ती लॅपटॉप, तारा आणि डाळीच्या दाण्याएवढे सेन्सर घेऊन बसलेली असायची. कॉलेजातली एक मैत्रीण मदतीला यायची. कारखान्यातलं यंत्र कपाटाएवढं, किमतीनं डोळे पांढरे करणारं. हिनं बाजारात सुटे मिळणारे सेन्सर आणून, एक छोटा पंखा लावून, माझ्याच जुन्या मिसळणाच्या डब्यात सगळं बसवलं. डब्याला पुढे हवा ओढायला एक नळी काढली होती. अक्कांनी ती नळी पाहिली आणि म्हणाल्या, "अगं बया, काय नाकाडी हाय ही!" तेव्हापासून तिचं नाव नाकाडीच पडलं.

नाकाडी आली तेव्हा ठार अडाणी होती. तिला प्रत्येक वास शिकवावा लागत होता. हे दूध, हे नासलेलं दूध. हे ताजं तेल, हे खवट. आणि शिकवायला घरातलं सगळ्यात खात्रीचं नाक लागणार होतं. मास्तरीण मी, पण या शाळेत माझा उपयोग शून्य. शिक्षिका झाल्या अक्का. सूनबाई वाटी नळीखाली धरायची, अक्का हुंगायच्या आणि नाव सांगायच्या. दोघींचं पहिल्याच दिवशी वाजलं. सूनबाईला एक ते पाच मार्क हवे होते.

"मोठ्या आई, किती खवट आहे ते सांगा ना. शेंगदाणे थोडे खवट की जास्त?"

"खवट म्हंजी खवट. त्याला काय मार्क द्यायचं? मास्तरीन आमच्याकडं हाय ती पुरं न्हाई का?"

पण मग अक्कांनी असे शब्द काढले की सूनबाईचे मार्क कमी पडले. कुबट वेगळं आणि ओलसर वेगळं. आंबूस म्हणजे अजून खाता येतं, आंबलं म्हणजे टाकून द्या. करपटाच्या अलीकडे खरपूस, आणि खरपुसाच्या अलीकडे खमंग. एकाच तव्यावरच्या तीन पायऱ्या आहेत हे मला ऐकताना कळत होतं. इतकी वर्षं मी हे शब्द वापरत होते, मुलांना त्यांचे अर्थ लिहायला लावत होते. आता वासच नव्हते, तेव्हा एकेक शब्द ऐकून मला भूक लागायची. मी बाजूला बसून ऐकायचे आणि कधी कधी उगाच विचारायचे, "अक्का, खमंग म्हणजे नक्की कसं हो?" त्यांना माझी लबाडी कळायची. तरी सांगायच्या.

मावळातल्या पावसानं मधेच घोळ घातला. आमच्याकडे आषाढ-श्रावणात ढग खिडकीतून घरात येतात, कपडे वाळत नाहीत, काडीपेटी पेटत नाही. नाकाडीचे सेन्सर दमटपणानंच चिडायचे आणि तिला सगळंच नासलेलं वाटायचं. सूनबाई वैतागली. शेवटी तिनं नळीत ओल शोषणारे दाणे भरले, आणि प्रत्येक वेळी आधी घरातली नुसती हवा हुंगवायची, मग भांड्याची, अशी सवय तिला लावली. त्यातही गमती झाल्याच. एकदा नवरा गुडघ्याला बाम चोळून आत आला आणि नाकाडीनं गॅस सुटल्याचा कांगावा केला. तो खुर्चीतून असा उठला की गुडघा दुखतोय हे विसरला. मग बामही शिकवला.

राहता राहिला आवाज. नाकाडी आधी मोबाइलवरून बोलायची, आणि त्यातली बाई "वॉर्निंग, वॉर्निंग" म्हणायची ते माझ्या डोक्यातच शिरायचं नाही. मला वाटायचं, कोणाचा तरी फोन वाजतोय. सूनबाईकडे शिकवणीच्या वेळी रेकॉर्ड केलेलं अक्कांचं बोलणं होतं. त्यातलेच तुकडे काढून तिनं नाकाडीच्या तोंडी घातले. काही जळायला लागलं की नाकाडी अक्कांच्या आवाजात हाळी द्यायची, "करपतंय गं, बघ की!" दूध गेलं असलं की, "वत भाईर ते." आणि गॅस सुटला तर, "आदी बंद कर, मंग बोल!" हे मात्र माझ्या हातापायांना लगेच कळायचं. चाळीस वर्षं त्या आवाजाचं ऐकायची सवय. अक्कांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पदर तोंडाला लावून हसल्या आणि म्हणाल्या, "मी एवडी खेकसते व्हय?" सूनबाईनं लॅपटॉपमध्ये डोकं खुपसलं.

नाकाडी चुका कमी करायला लागली, पण खुर्ची काही हलली नाही. नवरा म्हणायचा, "यंत्र ते यंत्र. ऐन वेळी बंद पडलं म्हणजे?" आता खुर्चीत तो आणि शेगडीशेजारच्या फळीवर नाकाडी, असे दोन सुपरव्हायझर झाले.

भाद्रपद आला. आमच्याकडे तेरड्याच्या गौरी असतात. आदल्या संध्याकाळी सूनबाईनं ओढ्याकाठचा तेरडा मुळासकट आणला, अक्कांनी त्याला साडी नेसवली, पावलं उमटवत गौराईला घरात फिरवलं, शेपूची भाजी आणि भाकरी दाखवली. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य. तो दरवर्षी आम्ही दोघी जावा माझ्या स्वयंपाकघरात करतो, कारण माझी शेगडी मोठी.

या स्वयंपाकाचा आमच्या घरचा नियम कडक आहे. गौराईनं जेवल्याशिवाय चव बघायची नाही, आणि वाससुद्धा मुद्दाम घ्यायचा नाही. तिच्या आधी हुंगलं की ते उष्टं झालं. म्हणून मीठ अंदाजानं, गूळ अंदाजानं, आणि एखाद्या वर्षी आमटी खारट झाली तरी पुरुषांनी मान खाली घालून जेवायचं.

सकाळी अक्का अंघोळ करून, डाळीचं पातेलं घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. त्यांची नजर फळीवर गेली होती.

"ही बया हितं बसून हुंगनार की!"

आम्ही सगळे फळीकडे बघायला लागलो. नाकाडीचा पंखा घुर्र चालला होता. सूनबाई म्हणाली, "मी बंद करते आजच्या दिवस." नवरा लगेच म्हणाला, "बंद करा. मी बसतो इथं, माझं लक्ष आहे."

"तुमी बसनार?" अक्का म्हणाल्या. "भावजी, मंग तुमचं नाक चालतं व्हय गौराईला? फोडनी बसली की मान वर करून हुंगता, मी बगते की रोज."

नवऱ्याचा हात नकळत नाकाकडे गेला. मला हसू येत होतं, पण रडूही येत होतं, कारण पुढचं मला दिसत होतं. नाकाडी बंद, मग खुर्चीत कोणीतरी हवंच, आणि शेवटी अक्का म्हणणार, तू बस बाहेर, मी करते एकटी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गौराईचा स्वयंपाक माझ्याशिवाय होणार. मी आधीच पदर खोचला होता, तो सोडला.

अक्कांनी पातेलं खाली ठेवलं आणि सूनबाईला विचारलं, "मला येक सांग. ही हुंगती म्हंजी काय करती? हुंगल्यावर हिला खावंसं वाटतं का?"

"नाही हो, मोठ्या आई. तिला आवड-निवड काहीच नसते."

"तोंडाला पानी सुटतं का?"

"तोंडच नाही तिला."

"मंग तिचं उष्टं कसं व्हईल?" अक्का म्हणाल्या. "गौराईच्या आदी हाव सुटली तर उष्टं. हिला हावच न्हाई. ऱ्हाऊ दे तिला."

असा निकाल देऊन झाला, तरी त्या हलल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या. मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "आन् खरं सांगू का, मास्तरीन? उष्टं झालं असंल तर दरसाली माज्यामुळंच. मुद्दाम घेत न्हाई म्हन्ते मी वास, पन नाक काय झाकून ठिवता येतं? पुरनात जायफळ पडलं की तोंडाला पानी सुटतंच. दरसाली गौराईफुडं हात जोडून मनात म्हन्ते, बाई, चुकलं. या साली घरात तुज्याएवढं चोख मानूस असताना मी कशाला शेगडीम्होरं उभी ऱ्हाऊ? गौराईचा सैपाक तूच कर. येकटीनं कर."

ताप आल्यापासून मला भेटणारा प्रत्येक जण, डॉक्टरांपासून दूधवाल्यापर्यंत, माझ्यात काय कमी झालं ते मला सांगत होता. तेच कमी होणं उचलून या बाईनं देवीपुढे ठेवलं आणि म्हणाली, यासाठी तूच योग्य. मी पाठ फिरवून वेलची शोधायला लागले, जी माझ्या हातातच होती.

"चला, भाईर व्हा सगळे," अक्का म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याची ती प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, डोक्यावर घेतल्यासारखी वर धरली आणि ओट्यावर नेऊन ठेवली. स्वतः तिच्यात बसल्या. नवरा दारात घुटमळला, माझ्याकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं, आणि गेला.

स्वयंपाकघर एवढं मोठं आहे हे मी विसरले होते.

डाळ शिजली, कट काढला, गूळ घालून पुरण परतायला लागले. वास नसला तरी पुरणाचं बरंच काही कळतं. आधी ते पातळ होऊन खदखदतं, मग आवाज जाड होतो, मग पुटुक पुटुक उडून मनगटाला चटके देतं, आणि शेवटी उलथनं मधोमध उभं राहिलं की झालं. हे सगळं मी दरवर्षी केलं होतं, पण यावर्षी हातानं आणि कानानं केलं. सुंठ, वेलची, जायफळ घातलं. कोणाच्याही तोंडाला पाणी सुटलं नाही. कणीक झाकलेली आहे ना हे बघायला मी क्षणभर वळले आणि फळीवरून अक्का ओरडल्या, "करपतंय गं, बघ की!"

मी झडप घालून आच कमी केली, तळ खरवडला. नुकतंच धरायला लागलं होतं. वाचलं. तेवढ्यात ओट्यावरून अक्का ओरडल्या, या खऱ्या, "अगं मी न्हाई बोलले! मला काय बी वास न्हाई आला, देवाशप्पत!"

मी उलथनं हातात धरून इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. आणि ते पाणी नंतर हसण्याचं राहिलं नाही. मी तशीच पुरण हलवत राहिले. बाहेर त्या बाईनं नाकाला पदर लावला असणार, माझ्या स्वयंपाकाचा वास चुकूनही येऊ नये म्हणून, आणि आत तिचाच आवाज माझी राखण करत होता. आमच्यात घरच्या माणसांचे आभार मानायची रीत नाही. परक्यासारखं वाटतं. मी मनातल्या मनात मानले. अक्कांचे मानले, आणि त्या पोरीचे, जी मला वाईट वाटेल म्हणून आधी गप्प राहिली आणि मग मिसळणाच्या डब्यातून नाक करून घेऊन आली.

नैवेद्य दाखवला. गौराईनं ताटात बघून काही तक्रार केली नाही. मग पानं वाढली. मी सगळ्यांना वाढून अक्कांच्या शेजारी बसले आणि जेवायला सुरुवात न करता त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. नवराही बघत होता, सूनबाईही. अक्कांनी पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला, तोंडात घातला आणि डोळे मिटले. सावकाश चावत राहिल्या. मग आमटीचा भुरका मारला आणि डोळे उघडले.

"आमटीत मीठ लय झालंय," त्या म्हणाल्या. नवऱ्यानं सवयीनं मान खाली घातली.

"आणि पोळी?" मी विचारलं.

"तू घास घे. मी सांगते."

मी घास घेतला. गोड लागलं, मऊ लागलं, तुपानं ओठ माखले. एवढंच माझ्या वाट्याचं होतं. अक्कांनी दुसरा घास घेतला आणि माझ्याकडे बघत सांगायला लागल्या, "पयलं तूप येतंय. चांगलं कढवलेलं, दानेदार. त्याच्यामागनं गूळ. गुळाला जरासा धूर लागलाय, तळाला धरलं व्हतं न्हवं, पन करपट न्हाई, खरपूस झालंय, लय ब्येस झालंय. आता वेलची आली. आन् जायफळ आजून मागंच हाय, चावत ऱ्हा, गिळू नगंस. हां. आलं बग आता."

मला आलं नाही. खोटं कशाला सांगू. पण मी चावत राहिले, आणि त्यांनी आलं म्हटलं तेव्हा मान हलवली, आणि कितीतरी महिन्यांनी मी एक आख्खी पोळी संपवली. मग अक्कांच्या पानात न विचारता आणखी एक वाढली, वर तुपाची धार सोडली. त्यांनी "पुरं, पुरं" म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा पेपर घेऊन ओट्यावर आला. रोज आत बसायची सवय, म्हणून त्यानं खुर्चीला हात घातला, परत आत न्यायला. खुर्चीत अक्का बसल्या होत्या, मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत.

"कुटं नेता?" त्या म्हणाल्या. "हितंच बसा पायरीवर, उजेड चांगला हाय वाचायला. ती करती तिचं ती."

तो थोडा वेळ पेपर हातात धरून उभा राहिला. मग पायरीवर बसला आणि पेपर उघडला. हे सगळं मला खिडकीतून दिसत होतं. नाकाडीचा पंखा घुर्र चालला होता. मी चहाचं आधण ठेवलं. मी आत एकटीच होते.